टर्मिनलवर चालते, ब्राउझरवर नाही : अपाची स्क्रिप्ट चालवत नसेल तर कुठे बघायचे

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर उबुंटू लिनक्स २०.०४ आणि अपाची (ब्राउझरला पाने पुरवणारा वेब सर्व्हर) होते. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणून प्रश्नकर्त्याने मशीन २२.०४ वर नेले. तेव्हापासून ऑर्डर भरायचा पीएचपी फॉर्म उघडण्याऐवजी डाउनलोड होतो. मागानुसार रोजचे उत्पादन दाखवणारी पर्लची सीजीआय स्क्रिप्ट (पान मागितले की सर्व्हर जी चालवून तिचे उत्तर पाठवतो ती) ब्राउझरमध्ये ५०० एरर (सर्व्हरवर काहीतरी फसले) देते, "पण अण्णा, टर्मिनलवर एकदम मस्त चालते". सगळ्या फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊन झाले, अपाची तीनदा काढून पुन्हा टाकून झाला. शेवटी विचारले आहे, विंडोज आणि झॅम्पवर (अपाची, पीएचपी, पर्ल एकत्र देणारे पॅकेज) परत जाऊ का?

परत जायची गरज नाही. पण अपाची चौथ्यांदा काढू नका, एवढे ऐका. तुमच्या शेडवर माग थांबला की जॉबर काय करतो? सगळे बोल्ट सैल करत बसत नाही, कुठला धागा तुटलाय ते आधी बघतो. तुम्ही तीनदा अख्खा माग उकलून पुन्हा जोडलात आणि तुटलेला धागा तसाच राहिला. उलट त्या काढघालीत आणखी एक-दोन धागे तुटले असावेत असे तुमच्या वर्णनावरून दिसते.

पहिली गोष्ट, आजच्या आज करायची. पीएचपी फाइल डाउनलोड होते याचा अर्थ तुमचा कोड जसाच्या तसा समोरच्याच्या हातात जातोय, आणि त्या कोडमध्ये बहुतेक डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असणार. हे मशीन फक्त ऑफिसच्या नेटवर्कवर असेल तर ठीक. पण राउटरवर पोर्ट उघडून बाहेरगावच्या एजंटांना लिंक दिली असेल, तर आधी अपाची बंद करा, डेटाबेसचा पासवर्ड बदला आणि मग दुरुस्तीला बसा. लोक दुरुस्तीच्या नादात दोन-दोन दिवस तसेच उघडे ठेवतात, म्हणून आधी सांगितले.

आता तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या घेऊ, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत. एकाच दिवशी सुरू झाल्या म्हणून त्या एकच वाटतात.

पीएचपीचे सोपे आहे. अपाचीला स्वतःला पीएचपी कळत नाही. त्याला एक तर पीएचपीचे मॉड्यूल जोडावे लागते, नाहीतर पीएचपी-एफपीएम नावाची वेगळी सेवा चालू ठेवून फाइल तिच्याकडे पाठवायला सांगावे लागते. दोन्ही नसेल तर पीएचपी फाइल त्याच्या लेखी नुसता कागद. मागितला, दिला. उबुंटू २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ असते, २२.०४ मध्ये ८.१. अपग्रेडमध्ये जुने मॉड्यूल गेले, नवे आले नाही किंवा आले तरी चालू झाले नाही, हे अगदी नेहमीचे. त्यात तुम्ही अपाची काढलात, तेव्हा त्याला लटकलेले पीएचपीचे मॉड्यूलही सोबत गेले असणार.

अपाचीची कंट्रोल कमांड मोठ्या एम-सह चालवा, जोडलेल्या मॉड्यूलांची यादी येईल. त्यात पीएचपीचे नाव नाही आणि प्रॉक्सी-एफसीजीआयचेही नाही, असे दिसले की निदान झाले.

उपायाचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे पीएचपी मॉड्यूल. ते टाकायला गेलात की कधी कधी अपाची सुरूच होत नाही आणि म्हणतो, मी थ्रेडवाला एमपीएम वापरतोय आणि तुझे पीएचपी थ्रेडसेफ नाही. एमपीएम म्हणजे एकाच वेळी आलेल्या मागण्या कशा हाताळायच्या ते ठरवणारा अपाचीचा भाग. ताज्या अपाचीत इव्हेंट नावाचा एमपीएम चालू असतो. उबुंटूच्या पीएचपी मॉड्यूलला प्रीफोर्क नावाचा लागतो. इव्हेंट बंद करून प्रीफोर्क चालू केले की भागते. पण मी तुमच्या जागी असतो तर एफपीएम घेतले असते. पीएचपी ८.१ चे एफपीएम पॅकेज टाका, प्रॉक्सी-एफसीजीआय आणि सेट-एन्व्ह-इफ ही दोन मॉड्यूले चालू करा, एफपीएमच्या पॅकेजबरोबर आलेले अपाचीचे कॉन्फिग चालू करा, कॉन्फिगटेस्ट चालवून 'सिंटॅक्स ओके' आले की अपाची रीस्टार्ट. त्या वेळी सर्व्हरचे नाव ठरवता आले नाही अशी एक ओळ दिसेल. तिने आजवर कोणाचे काही बिघडलेले नाही, तिच्यामागे लागू नका.

तपासायला ब्राउझर वापरू नका, कर्ल (टर्मिनलवरूनच पान मागवणारी कमांड) वापरा. ब्राउझर जुने उत्तर स्वतःजवळ धरून बसतो आणि दुरुस्ती झाली तरी फाइल डाउनलोड करत राहतो. मी स्वतः यात एकदा पूर्ण संध्याकाळ घालवली आहे. कर्लच्या उत्तरात पीएचपीचा उघडा टॅग दिसला तर अजून कच्चे आहे, एचटीएमएल दिसले तर चालले. आणि हसू नका, पण ॲड्रेस बारमध्ये एचटीटीपी आहे की फाइल हेही बघा. फाइलवर डबल-क्लिक करून उघडले तर मध्ये सर्व्हर येतच नाही. या एका कारणासाठी मला कमीत कमी चार जणांनी फोन केला आहे, त्यातला एक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो.

एफपीएम लागले की लगेच तुम्हाला नवी ५०० दिसण्याची शक्यता आहे, घाबरू नका. जुन्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (त्या फोल्डरापुरत्या अपाचीच्या सूचनांची फाइल) पीएचपी-व्हॅल्यू अशी सुरुवात असलेल्या ओळी असतील, म्हणजे अपलोडची मर्यादा वाढवणे वगैरे, तर त्या ओळी फक्त मॉड्यूलवाल्या पीएचपीला कळतात. मॉड्यूल नसले की अपाची म्हणतो 'इनव्हॅलिड कमांड' आणि पूर्ण फोल्डर ५०० वर जाते. त्या ओळी काढून डॉट-युजर-डॉट-आयएनआय नावाच्या फाइलमध्ये टाका. एफपीएम ती वाचते. ती पाच मिनिटे लक्षात ठेवली जाते, त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तर चहा पिऊन या.

फॉर्म उघडला पण पान अर्धे आले, मधेच कोडचे तुकडे दिसले, तर जुन्या प्रोग्रामरने छोटे टॅग वापरले आहेत. नुसते कोनचिन्ह आणि प्रश्नचिन्ह, पुढे पीएचपी हा शब्द नाही, असे. २०.०४ वर कोणीतरी पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये शॉर्ट-ओपन-टॅग चालू केले असेल. ८.१ ची आयएनआय फाइल वेगळ्या फोल्डरात, कोरी आली. इथे एक चकवा आहे. टर्मिनलवरच्या पीएचपीची आयएनआय वेगळी, अपाचीच्या मॉड्यूलची वेगळी, एफपीएमची आणखी वेगळी. एकाच आवृत्तीची तीन फोल्डरे. टर्मिनलवर 'ऑन' दिसते म्हणून वेबवरही ऑन असेल असे नाही. एफपीएमच्या फोल्डरातली बदला आणि एफपीएम रीस्टार्ट करा. नुसता अपाची रीस्टार्ट करून उपयोग नाही.

आणि पान पूर्ण पांढरे आले तर सर्व्हर ठीक आहे, कोड जुना आहे. ७.४ पर्यंत चालणारे ईच हे फंक्शन ८.० मध्ये काढून टाकले, अक्षर काढायला महिरपी कंस वापरायची पद्धतही गेली. पीएचपीला मायनस एल लावून फाइल तपासली तर महिरपी कंस सापडतील, पण गायब झालेले फंक्शन सापडणार नाही. ते फक्त चालवल्यावर लॉगमध्ये कळते.

आता पर्लची स्क्रिप्ट. यात जास्त वेळ घालवतो, कारण खरी गंमत इथे आहे.

५०० येते हे खरे तर चांगले लक्षण आहे. सीजीआयचे मॉड्यूल बंद असते तर उबुंटूवर सीजीआय-बिनच्या (अशा स्क्रिप्ट ठेवायचे फोल्डर) पत्त्याला ४०४ (सापडले नाही) आले असते. त्या फोल्डरात स्क्रिप्ट चालवायची मुभा नसती तर ४०३ (मनाई) आले असते, आणि लॉगमध्ये 'एक्झेक-सीजीआय इज ऑफ' असे स्पष्ट लिहिलेले सापडले असते. ५०० म्हणजे अपाचीने स्क्रिप्ट चालवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. का फसला ते ब्राउझर सांगत नाही, सांगूही नये. ते एरर लॉगमध्ये आहे. उबुंटूवर व्हार, त्यात लॉग, त्यात अपाची-२ नावाचे फोल्डर, त्यात एरर डॉट लॉग. टेल कमांडला मायनस एफ लावून ती फाइल एका खिडकीत उघडी ठेवा आणि दुसरीकडून पान एकदाच रिफ्रेश करा. एकदाच. दहा वेळा एफ-फाइव्ह दाबलात तर त्या दहा नोंदींत तुमचेच डोळे फिरतील.

तुमच्या पूर्ण प्रश्नात लॉगमधली एकही ओळ नाही, याचे मला वाईट वाटले. तरी अंदाज करता येतो, कारण तुम्ही जाता जाता लिहिले आहे की अपग्रेडच्या आदल्या दिवशी अकाउंटंटच्या विंडोज मशीनवर ती स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडून 'चादर', 'टॉवेल' ही नावे मराठीत केली. तुम्ही ते सहज सांगितले. माझी पैज त्याच्यावर आहे.

स्क्रिप्टची पहिली ओळ हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होते आणि पुढे पर्लचा पत्ता असतो. लिनक्सचा कर्नल (गाभा) फाइलचे अगदी पहिले दोन बाइट बघतो. ते हॅश-उद्गारचिन्ह असले तर पुढचा पत्ता वाचून त्या प्रोग्रामच्या हाती फाइल देतो. जुन्या विंडोजमधल्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केला की तो फाइलच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट घालतो, त्याला बॉम म्हणतात. झाले, पहिले दोन बाइट आता हॅश-उद्गारचिन्ह नाहीत. कर्नल म्हणतो, ही चालवायची फाइलच नाही. लॉगमध्ये 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड बॉमशिवाय सेव्ह करतो, पण आपल्याकडच्या अकाउंटंटच्या टेबलावर अजून काय काय चालू असते ते तुम्हालाही माहीत आहे.

दुसरी शक्यता ओळींच्या शेवटाची. विंडोजमध्ये ओळ संपते तिथे दोन चिन्हे असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्समध्ये एकच. नोटपॅडने किंवा कॉपी-पेस्टने ती जादा चिन्हे घुसली की पहिल्या ओळीतला पर्लचा पत्ता 'पर्ल' न राहता 'पर्ल आणि एक अदृश्य शेपूट' असा होतो. त्या नावाचा प्रोग्राम मशीनवर नाही. मग लॉगमध्ये 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे येते आणि माणूस वेडा होतो, कारण फाइल तर समोर दिसतेय! सर्व्हरची तक्रार तुमच्या फाइलबद्दल नसते, पहिल्या ओळीत लिहिलेल्या प्रोग्रामबद्दल असते. हे वाक्य मला कोणी वीस वर्षांपूर्वी सांगितले असते तर माझे बरेच रविवार वाचले असते.

आणि म्हणूनच 'टर्मिनलवर चालते'. तुम्ही टर्मिनलवर पर्ल असे लिहून पुढे फाइलचे नाव देता. पर्ल तुम्हीच सुरू केलात, त्यामुळे पहिल्या ओळीतला पत्ता कोणी वापरलाच नाही. खरी परीक्षा करायची तर त्या फोल्डरात जाऊन डॉट-स्लॅश लावून थेट स्क्रिप्टचे नाव द्या. एरर आली, नाहीतर बॅशने (टर्मिनलवर कमांड चालवणारा प्रोग्राम) भलतेच बरळायला सुरुवात केली, की खात्री पटेल. फाइल नावाची कमांड चालवली तर 'सीआरएलएफ' किंवा 'बॉम' हे शब्द सरळ दिसतात. कॅटला मोठा ए लावला तर प्रत्येक ओळीशेवटी टोपी-एम दिसेल. डॉस-टू-युनिक्स हे छोटे पॅकेज टाकून फाइल त्यातून काढा. ते शेपट्याही काढते आणि बॉमही. मराठी शब्दांना धक्का लागत नाही. पुढे बदल करायचाच असेल तर नोटपॅड-प्लस-प्लस घ्या, त्यात खालच्या पट्टीवर ओळशेवट आणि एन्कोडिंग दोन्ही दिसतात.

एवढे करून डॉट-स्लॅशने चालली, पण ब्राउझरवर नाही, तर मग पुढचा प्रश्न : कोण चालवतोय? टर्मिनलवर तुम्ही असता. तुमचे घर, तुमचा पाथ, तुमच्या परवानग्या. वेबवर ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाचा युजर चालवतो, ज्याला तुमच्या घरात यायचीही परवानगी असेलच असे नाही. तेव्हा सुडोला मायनस यू देऊन त्याच युजरच्या नावाने स्क्रिप्ट चालवून बघा, आणि त्यात एन्व्ह कमांडला मायनस आय लावा, म्हणजे तुमचे वातावरण पुसले जाईल. माझ्या अनुभवात 'टर्मिनलवर चालते' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे या एका ओळीत उघडे पडते. पर्लचे सीजीआय मॉड्यूलही इथेच पकडले जाईल. ते ५.२२ पासून पर्लबरोबर येत नाही, वेगळे पॅकेज टाकावे लागते. लॉगमध्ये 'कान्ट लोकेट' दिसले तर तेच.

उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचे होम फोल्डर ७५० परवानगीने बनते, आधी ७५५ असायचे. अपग्रेडनंतर तुम्ही नवा युजर काढून वेबसाइट त्याच्या होममध्ये ठेवली असेल तर आतल्या फाइलींना ७७७ देऊनही काही होणार नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असताना माजघराचे दार सताड उघडे ठेवल्यासारखे ते. लॉगमध्ये 'सर्च परमिशन्स आर मिसिंग' असे शब्द येतात. नेम-आय कमांडला मायनस एल देऊन पूर्ण पत्ता द्या, मुळापासून प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते. वेबच्या फाइली होममध्ये ठेवूच नका, व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये ठेवा.

'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स' ही ओळ लॉगमध्ये एकटीच असेल, तर स्क्रिप्ट सुरू झाली पण कंटेंट-टाइपची ओळ लिहिण्याआधी मेली. आणि 'मालफॉर्म्ड हेडर' असेल तर त्या ओळीआधीच काहीतरी छापले गेले किंवा तिच्यानंतरची रिकामी ओळ द्यायची राहून गेली. १९९३ मध्ये एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर सीजीआय आले तेव्हापासून हा नियम आहे : आधी हेडर, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर.

एक माझीच फजिती सांगतो. सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात, ऐन मे महिन्यात, पंखाही चालू नाही. स्क्रिप्ट टेम्प फोल्डरात रिपोर्ट लिहिते, लॉग स्वच्छ, ब्राउझर म्हणतो 'रिपोर्ट तयार', आणि टेम्पमध्ये काही नाही. दोन तास. उबुंटूवर सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) अपाचीला त्याचे स्वतःचे खासगी टेम्प फोल्डर देते. स्क्रिप्ट बिचारी तिथे इमानदारीने लिहीत होती, मी भलत्याच टेम्पमध्ये शोधत होतो. तुमच्या रिपोर्टची एक्सेल फाइल कुठे लिहिली जाते ते एकदा बघून ठेवा.

ज्यांच्याकडे अपाचीऐवजी एनजिनेक्स हा वेब सर्व्हर आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे ५०२ आले की लॉगमध्ये सॉकेटच्या (एफपीएमशी बोलायची जागा) ओळीतला एररचा आकडा बघा : २ म्हणजे त्या नावाचे सॉकेटच नाही, बहुतेक कॉन्फिगमध्ये अजून ७.४ लिहिलेले आहे. १३ म्हणजे परवानगी नाही. १११ म्हणजे पलीकडे कोणी ऐकत नाही. 'प्रायमरी स्क्रिप्ट अननोन' असेल तर एफपीएमला फाइलचा चुकीचा पत्ता जातोय. आणि रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर एसई-लिनक्स (फाइलींवरची लेबले बघून परवानगी देणारा जादा पहारा) हेही तपासा. होममधून फाइल कॉपी न करता मूव्ह केली की तिच्यावरचे लेबल होमचेच राहते, रिस्टोरकॉनने ते नीट होते. तुमच्याकडे उबुंटू आहे, तुम्ही हे सोडून द्या.

राहिले ७७७. पीएचपी फाइलींना चालवण्याची परवानगी लागतच नाही, वाचण्याची पुरते. सगळी फोल्डरे ७५५, सगळ्या साध्या फाइली ६४४, फक्त सीजीआय-बिनमधल्या स्क्रिप्ट ७५५. फाइंड कमांडने फोल्डर आणि फाइली वेगळ्या निवडून दोन ओळींत होते. ऑर्डरबरोबर डिझाइनचे फोटो जिथे अपलोड होतात ते एकच फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करा, आणि त्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही अशी अपाचीच्या कॉन्फिगमध्ये तजवीज करा. उद्या कुठल्या होस्टिंगवर सूएक्झेक (स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारी अपाचीची सोय) असेल तर तो ७७७ बघूनच स्क्रिप्ट चालवायला नकार देतो आणि तिथेही हीच ५०० दिसते.

झॅम्पबद्दल विचारलेत. विंडोजवर पर्लच्या पहिल्या ओळीत सी ड्राइव्हवरचा पर्लचा पत्ता लिहावा लागतो, म्हणजे आणखी एक फरक सांभाळा. शिवाय आयआयएस (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) चालू असेल तर पोर्ट ८० साठी भांडण. त्यापेक्षा उद्या सकाळी डॉस-टू-युनिक्स आणि एफपीएम एवढेच करा. त्यातूनही अडले तर एका रिफ्रेशनंतरच्या लॉगमधल्या शेवटच्या दहा ओळी, आयपी पत्ते आणि युजरची नावे खोडून, मला पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा; मागच्या वेळी तुम्ही पाठवलेल्या फोटोत अर्धी ओळ ट्यूबलाइटच्या उजेडात गेली होती.